सावधान तात्या

तात्या फौजेत कधीच नव्हते. विमा कंपनीत त्यांनी टेबल सांभाळलं आणि गुडघे कुरकुरायला लागले तसे निवृत्त झाले. पण सैन्याचा विषय निघाला की ते गुडघेसुद्धा सावधान होतात.

थिएटरात राष्ट्रगीत लागलं की तात्या सर्वांत आधी उठतात आणि कोण बसलंय ते मागे वळून पाहतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं थिएटरातलं राष्ट्रगीत ऐच्छिक केलं, पण तात्यांची गस्त चालूच आहे.

कुठल्याही तक्रारीला त्यांचं एकच उत्तर, सियाचिन. लिफ्ट बंद पडली? "तिकडे जवान बर्फात उभे आहेत आणि तुम्हाला तीन मजले चढवत नाहीत?" पाणी नाही, सियाचिन. सोसायटीचा हिशेब मागितला, तरी सियाचिन. १९८४ पासून त्या हिमनदीवर आपलं सैन्य आहे हे खरं. पण ते आमच्या सेक्रेटरींच्या वहीखात्याच्या रक्षणासाठी आहे, हे तात्यांकडूनच कळलं.

"वर्दी दिसली की मान आपोआप झुकली पाहिजे. का, कशासाठी, विचारायचं नाही!" एनडीए आमच्या कोथरूडहून सिंहगडाएवढंही लांब नाही. तात्यांचा मुलगा मात्र गेला तो थेट टेक्सासला. "त्याचा कल नव्हता," एवढं बोलून तात्या विषय सीमेवर नेतात.

आमच्या गेटवर एक हवालदार आहेत. साताऱ्याकडचे, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झालेले. जवान चाळिशीच्या आगेमागे घरी येतो, पोरांच्या फिया तेव्हा कुठे सुरू झालेल्या असतात. मग पुन्हा वर्दी चढते, या खेपेला सिक्युरिटी एजन्सीची. ही वर्दी दिसली की तात्यांची मान खरोखर झुकते, मोबाइलमध्ये. एरवी "ए वॉचमन, गाडी पूस!" हवालदारांचा हुद्दा त्यांना महिन्यातून एकदाच आठवतो, कॅन्टीनचा रमचा कोटा निघतो तेव्हा.

१५ ऑगस्टला तात्यांनी राम राघोबा राणे यांच्यावर भाषण केलं. १९४८ साली राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढून त्यांनी रणगाड्यांना रस्ता करून दिला, परमवीर चक्र जिवंतपणी स्वीकारणारे ते पहिले. तात्यांचा आवाज भरून आला. राणे ज्या सॅपर्सचे, त्याच सॅपर्सचे हवालदार तेव्हा खुर्च्या मांडत होते.

पुढच्या सभेत कुणीतरी हवालदारांच्या पगारवाढीचा विषय काढला. तात्या कळवळले. "अहो, सैनिकाच्या सेवेचं मोल पैशात करता? त्यांना हवा असतो तो मान! काय हवालदारसाहेब?"

हवालदार दारातच होते. म्हणाले, "साहेब, फौजेत काय सगळेच वाघ नसतात. कामचुकार होते, साहेबांच्या पुढं-पुढं करणारे होते. आणि कोट्यातली रम बाहेर विकणारा तर तुमच्यासमोरच उभा आहे. सरसकट मान देऊ नका. काम चोख असेल त्याला द्या. आणि पगार तेवढा सरसकट वाढवा."

"बघितलंत? ही फौजी नम्रता!" तात्या ताडकन उठले आणि त्यांनी कडक सलाम ठोकला.

"टोपी नसताना आमच्यात सलाम करत नाहीत, साहेब," हवालदार म्हणाले.

इतिवृत्तात दोन नोंदी झाल्या. हवालदारांना उभं राहून मानवंदना: एकमतानं मंजूर. पगारवाढ: वेळेअभावी तहकूब.