तळपायांचे लाड

कोरियात घराची जमीन खालून गरम करतात. पूर्वी चुलीचा धूर फरशीखालून खेळवत, आता गरम पाण्याच्या नळ्या असतात. त्यामुळे तिथे फरशी बदलताना छिन्नी जपूनच चालवावी लागते. नळी फुटली की हिवाळा थंडीत!

२०२३मध्ये कोरियाच्याच ह्युंदाईने तळेगाव दाभाड्याचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार केला. गाड्या ठीक, पण तापती जमीन कशाला? एप्रिलात इथली गच्ची फुकटच तापते.

तळेगावकराची तऱ्हा वेगळी. चांगली शहाबादी उखडून तो चकचकीत व्हिट्रिफाइड बसवतो आणि जानेवारीत पाय गारठले की त्याच चकाकीवर सतरंजी अंथरतो. नळी इथेही फुटतेच, फक्त न्हाणीघराची. तिचा नकाशा मालकाकडे नसतो, गवंड्याकडे तर नसतोच.

तेव्हा मंडळी, नव्या नळ्या बुजवण्याआधी त्यांचे फोटो तरी काढून ठेवा.