निळी, लाल आणि चुन्याची

भंडाऱ्यातल्या प्लॉटच्या पाम्प्लेटवर वैनगंगा कधी दिसत नाही. बाकी सगळं असतं. कमान असते, कारंजं असतं, कुठल्याशा समुद्रकिनाऱ्यावरून उचललेली नारळाची झाडं असतात आणि आमच्या जिल्ह्यात कोणी कधी न पाहिलेलं एक गोरंगोमटं कुटुंब हिरवळीवरून धावत असतं. खाली अंतरं दिलेली असतात, तीही मिनिटांत. किलोमीटर मोजून भांडता येतं, मिनिटांचं काय करणार? बसस्टँड 5 मिनिटं, शाळा 3 मिनिटं, रेल्वे स्टेशन 10 मिनिटं. स्टेशन आहे वरठीला. रेल्वेनं निदान पाटीवर ‘भंडारा रोड’ लिहून हात वर केलेत, की बाबा, गाव पुढे आहे, रस्ता धरा.

आमच्या घरात घर घ्यायचं बोलणं निघालं की प्रत्येकाचा भंडारा वेगळा निघतो. बायकोला शाळा आणि भाजीबाजार पायी गाठता यायला हवा. मुलाला घरात नेटवर्क हवं, मग घर कुठंही असो. मला बजेटमध्ये हवं. बजेट म्हणजे बँक देईल ते, अधिक सासऱ्यांनी न मागता दिलं तर ते. आईनं तर काहीच मागितलं नव्हतं, त्यामुळं तिला विचारायचं राहूनच गेलं.

स्वस्त प्लॉट स्वस्त का, हे विकणारा सांगत नाही. ते जवळच्या टपरीवर कळतं. चहा घ्यायचा आणि सहज विचारायचं, “2020 ले इथं किती होतं जी?” काय किती होतं, हे कोणी उलट विचारत नाही. त्या ऑगस्टच्या अखेरीस मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, सिवनीकडच्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि वैनगंगा शहरात शिरली. गणेशपूर, भोजापूर, ग्रामसेवक कॉलनी, कितीतरी वस्त्या पाण्यात गेल्या. कोरोनामुळं ‘घरातच थांबा’ असं सगळे सांगत होते, त्या दिवसांत लोकांना घर सोडून छतावर चढावं लागलं.

त्या पुराची उंची आमच्याकडे कोणी फुटांत सांगत नाही. अंगावर हात ठेवून दाखवतात. एक जण कमरेवर हात ठेवतो, दुसरा छातीवर, आणि दोघंही एकाच गल्लीतले. आधी वाटतं, यातला एक फेकतोय. मग दोघांना शेजारी उभं केलं की उलगडा होतो: पहिला सहा फुटी आहे, दुसरा पाच. पाणी तेवढंच. तेव्हापासून प्लॉट बघताना मी सांगणाऱ्याची उंची आधी पाहतो.

नदीकाठच्या गावांसाठी जलसंपदा खातं नकाशावर दोन पूररेषा आखतं. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येईल अशाची. वाचायला मोठं आश्वासक वाटतं. पण 100 वर्षांतलं ते एक वर्ष नेमकं कोणतं, हे नदी लिहून देत नाही, आणि गृहकर्ज 20 वर्षांचं असतं. त्यात खाली गोसीखुर्दचं धरण. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. आता त्याचं साचलेलं पाणी मागे भंडाऱ्यापर्यंत येऊन टेकतं. पावसाळ्यात आम्ही कारध्याच्या पुलाजवळची पातळी क्रिकेटच्या स्कोअरसारखी एकमेकांना विचारतो. त्या धरणात ज्यांची गावं गेली त्यांना मोहल्ला निवडायची संधीही मिळाली नाही. नवं गावठाण सरकारनं दाखवलं आणि तिथं जाऊन राहावं लागलं. त्यांच्यापुढं आमची ही चैनच म्हणायची.

तिसरी रेषा चुन्याची. ती प्लॉटवाले भाऊ आखतात.

खात रोडच्या बाजूला आत असा एक ले-आउट पाहायला गेलो, तेव्हा आई बरोबर होती. घरी एकटी काय करेल, म्हणून तिला गाडीत बसवलं होतं. मुरमाचा रस्ता, दोन्हीकडे सिमेंटचे खुंट, त्यांवर लाल रंगात नंबर. भाऊ सांगत होते, “हे गार्डन, हे मंदिर, हा तुमचा कॉर्नर. दोन वर्षांत सोनं होते जी इथं.” गार्डनमध्ये तूर्त चार बकऱ्या होत्या. आई मात्र सोन्याकडे पाहत नव्हती. ती कॉर्नरच्या प्लॉटवर जाऊन उभी राहिली, चपलेच्या टोकानं माती उकरली आणि खाली वाकली. चुन्याच्या पांढऱ्या रेघेवरच खेकड्यानं बीळ पाडलं होतं. तोंडाशी चिखलाच्या बारीक गोळ्यांची रास, वाळून करडी झालेली. कडेनं मोथा उगवलेला.

“बाबू, हे त बांधी होय,” आई म्हणाली.

“आता कुठची बांधी, मावशी,” भाऊ हसले. “कवाचंच एन.ए. झालं हे.”

“मंग हे पान्याले सांगतलं का कोनी?”

आई लाखांदूरकडची. धानाच्या बांध्यांत जन्म गेलेला. आमच्याकडे धानाची चांगली जमीन म्हणजे जी पाणी धरून ठेवते ती. पिढ्यान् पिढ्या बांध घालून, चिखल करून, पाणी खाली जिरू नये म्हणून जी तयार केली, तीच जमीन पुढं अकृषक होऊन आपल्याला घरासाठी मिळते. सपाट असते, मोकळी असते, स्वस्तही असते. पण धानाला जे हवं ते पायव्याला नको असतं, हे पाम्प्लेटवाल्याला माहीत नाही असं नाही. त्याचेही आजोबा शेतकरीच असणार.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. हे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजारी 1951 साली गेली, तलाव राहिले. त्यातले पुष्कळ कोहळी लोकांनी बांधले. पाळ कुठं घालायची, सांडवा कुठं ठेवायचा, हे त्यांनी जमिनीचा उतार पाहून ठरवलं आणि गाव कुठं बसवायचं तेही. जुन्या गावात फिरलं की लक्षात येतं, घरं चढावर आहेत आणि बांध्या उतारावर. नव्या ले-आउटमध्ये चढ-उतार हे मुरूम टाकून मिटवायचं प्रकरण असतं.

ले-आउट असा बारगळला की कोणीतरी नागपूर काढतंच. साठेक किलोमीटर, पोरांचं शिक्षण, दवाखाने, मॉल. नोकरी भंडाऱ्यात आणि बिऱ्हाड नागपुरात ही आमच्या जिल्ह्यातली रूढ कुटुंबपद्धती आहे. तिला ‘अप-डाऊन’ म्हणतात. अप-डाऊनवाला माणूस ओळखू येतो. साडेचारनंतर त्याचं लक्ष फाइलीत नसतं, आणि जेवणाचा डबा त्याच्या आयुष्यात बायकोपेक्षा जास्त वेळ सोबत असतो. मुख्यालयी राहण्याचा आदेश दर काही दिवसांनी निघतो. तो वाचायलाही माणसं नागपुराहून येतात.

सध्या गाडी जुन्या भंडाऱ्यावर येऊन थांबली आहे. मोठ्या बाजाराच्या बाजूला, गल्लीत, लांबच लांब बोळासारखं एक घर. पुढं ओटा, मध्ये चौक, मागं विहीर. दोन्ही भिंती शेजाऱ्यांबरोबर सामाईक, त्यामुळं कोणाकडे कोणती भाजी फोडणीला पडली हे विचारावं लागणार नाही. कार आत येत नाही. बायकोला पसंत, कारण भाजी दारात आणि शाळा पायी. घर तिच्या एकटीच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, हे तिनं कुठूनसं शोधून काढलं. हा माझ्या बजेटचा विचार आहे, असं ती म्हणते. आईनं शेजारच्या म्हातारीला गाठून 2020 चं विचारलं. म्हातारीनं अंगावर कुठंच हात ठेवला नाही. नुसता बाजाराच्या खालच्या अंगाला दाखवला.

किंमतही जमते. अडचण एवढीच, की घर विकणाऱ्यांच्या आजोबांच्या नावावर आहे आणि वारस पुष्कळ. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय रजिस्ट्री होत नाही. तिघं भाऊ तयार आहेत, बहिणीही हो म्हणाल्या. धाकटा तेवढा नागपूरला राहतो. त्याला फोन केला तर तो बराच वेळ आपुलकीनं बोलला. सहीचं बघू म्हणाला, आणि मग म्हणाला, “पन मी काय म्हनतो भाऊ, आमच्या इकडं एक मस्त ले-आउट पडून राहिला. पाहून त घ्या.”