गोरज मुहूर्त, सकाळी अकरा

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात आमचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. मालक धरून माणसं चार. तुळशीचं लग्न लागलं की आम्हाला जेवायची फुरसत नसते, आणि नेमका तोच मुहूर्त साधून एमबीए करणाऱ्या भाच्याने मला आमच्या माणसांचा 'विकास' करायला सांगितलं.

त्याने एक तक्ता दिला. डावीकडे नाव, उजवीकडे दोष. मी पाच मिनिटांत भरला. दोषांना जागा पुरेना म्हणून पाठीमागेही लिहिलं. काउंटरवरचा पोरगा बडबड्या, प्रूफं वाचणाऱ्या काकू फटकळ आणि मशीनवरच्या मामांच्या तोंडातून शब्द फुटत नाही.

मग सुधारणा सुरू झाली. पोराला गप्प बसवलं, काकूंना गोड बोलायला सांगितलं आणि मामांना थेट सुपरवायझर केलं. मामा म्हणजे बाहेर चहा पितापिता, ऑफसेटच्या नुसत्या आवाजावरून 'दोन कागद एकदम ओढले' हे ओळखणारा माणूस. खुर्चीत ते आठ दिवस बसले. नवव्या दिवशी म्हणाले, "साहेब, हवं तर पगार कमी करा, पण मला इथून उठवा." आमच्याकडे आल्यापासूनचं त्यांचं हे सर्वांत लांब वाक्य. उठवलं. पगार मात्र वाढलेलाच ठेवला आणि शाईपाण्यातली माझी लुडबूड बंद केली.

काकू दोन दिवस गोड बोलल्या. त्या दोन दिवसांत एका पत्रिकेत चक्क 'आशिर्वाद' छापून गेला. एरवी या बाईंना १९६२चे शुद्धलेखनाचे नियम तोंडपाठ! तिसऱ्या दिवशी एक वधूपिता मजकूर घेऊन आले : 'गोरज मुहूर्तावर, सकाळी ११ वा. २४ मि.' काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमच्याकडच्या गाई सकाळी अकरालाच चरून परत येतात का हो?" गृहस्थ तापले. मग त्यांनी घरी फोन लावला, मग गुरुजींना. गोरज खोडलं गेलं. पाचशे पत्रिका वाचल्या.

पोराचं मौन तर एका निमंत्रकांच्या यादीनेच मोडलं. आधी थोरल्या काकांचं नाव की मुलीच्या मामांचं, यावर काउंटरवरच जुंपली होती. पोराने तासभर सगळ्यांच्या घरची चौकशी केली आणि म्हणाला, "आजींचं नाव वर घ्या ना. त्यांच्याशी कोण भांडणार?" जाताना त्यांनी हळदीच्याही पत्रिका सांगितल्या.

भाचा म्हणे, माणसाच्या उणिवांवर नाही, बळावर काम उभारायचं, हे पीटर ड्रकरने १९६७ सालीच लिहून ठेवलंय. मग तक्त्यात दोषांचाच रकाना का, असं विचारलं, तर तो भाग पुढच्या सेमिस्टरला आहे म्हणाला.

तक्त्यात माझी ओळ कोरीच होती. ती काकूंनी भरली. दोष, उधारी मागायला लाजतात. गुणांसाठी समासात नवा रकाना आखून त्यांनी बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं, आणि मग लिहिलं, 'लोक यांना जेवून जा म्हणतात.' तेव्हापासून पत्रिका पोचवायचं काम माझ्याकडे आणि वसुली काकूंकडे. काल त्या फोनवर कुणाला तरी विचारत होत्या, "लग्नाला वर्ष झालं, आता बारसं आलं असेल. पत्रिकेचे पैसे कधी देताय?"

संध्याकाळी पैसे आले. सोबत बारशाचा मजकूरही.