कोठे जाई ऱ्हायना?

चालायचे बूट घेऊन आठ महिने झाले. तळ अजून इतके स्वच्छ आहेत, की दुकानदार आजही परत घेईल.

बेत साधा होता. पहाटे साडेपाचला निघायचं, मोसम पुलापर्यंत जायचं, परत यायचं. उन्हाळ्यात मालेगावात आठनंतर चालणं हा व्यायाम नव्हे, प्रायश्चित्त, म्हणून पहाट. पण दोन वर्षांपूर्वी आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. डाव्या अंगातली ताकद गेली, ती बहुधा कानांत उतरली. टीव्ही त्यांना ऐकू येत नाही, दाराची बेल ऐकू येत नाही. मी बुटाची नाडी ओढली, की मात्र आतून आवाज येतो, ‘कोठे जाई ऱ्हायना रे?’

जन्मभर शाळेत शुद्ध मराठी बोललेला माणूस आता घरची अहिराणी बोलतो. त्या प्रश्नाला ‘फिरायला’ असं उत्तर द्यायची माझी छाती होत नाही. ज्याला कूस बदलायला माणूस लागतो, त्याला कोणत्या तोंडानं सांगू, की मी उगाचच पुलापर्यंत जातो आणि तिथून परत येतो? मी म्हणतो, ‘कोठे नाही आप्पा, पॉट आणतो.’ आणि बूट घालून पॉट आणतो.

भेटायला येणारे सफरचंदं आणतात. निघताना दारात हळू आवाजात सांगतात, ‘स्वतःचीही काळजी घे बरं. रोज फिरायला जात जा.’ मग आपापल्या चपला घालतात आणि फिरायला जातात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं बऱ्यापैकी दम लागेल असा व्यायाम करावा. म्हणजे रोजची बावीस मिनिटं. मी मोबाइल खिशात ठेवून मोजलं, तर उंबरा न ओलांडता दिवसभरात ४,२०० पावलं झाली होती. दहा हजार पावलांचा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकणाऱ्यांनी रूढ केला, हे वाचल्यावर मी स्वतःला काठावर पास करून टाकलं. शिवाय आमच्या गावच्या सिनेमातला सुपरमॅनसुद्धा यंत्रमागावरचा हडकुळा कामगार होता. मालेगावात उडायला दंड लागत नाहीत.

निकाल फिरवला तो आप्पांच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी. मी आप्पांना पलंगावरून खुर्चीत घेताना त्यांनी पाहिलं.

‘काका, हा व्यायाम नाही. ही हमाली आहे, आणि तीही चुकीची.’

कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यांत वाकायचं. माणूस अंगाशी धरायचा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. म्हणजे दिवसातून बारा वेळा मी माझ्या कमरेचा शत्रू होत होतो. ‘तुम्ही पडलात तर या खोलीत दुसरा पलंग कुठे मावेल?’ त्यांनी विचारलं. मी खोली पाहिली. खरंच मावला नसता.

तेव्हापासून सकाळी सातला आमची तालीम भरते. आप्पा उजव्या हातानं डावा हात धरून डोक्याकडे नेतात. मी समोरच्या खुर्चीतून हात न टेकता उठतो, बसतो. मोजणी आप्पांकडे. ते गणिताचे मास्तर होते. अर्धवट बैठक ते धरत नाहीत. ‘सात’नंतर पुन्हा ‘सात’ येतो. ताल मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा. शुक्रवारी माग बंद, म्हणून तालीमही बंद. हा नियम मी सुचवला आणि आप्पांनी ताबडतोब फेटाळला. शुक्रवारी ते तोंडानं ‘खटक खटक’ करतात. काल त्यांचे पंधरा झाले, माझे अकरा. मास्तरांनी मला नापास केलं. दोन वर्षांत इतकं खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं.

कंबर आता कुरकुरत नाही. पण दम लागायचा असेल तर रस्ताच हवा, आणि त्यासाठी बावीस मिनिटं हवीत. ती काही दुकानात मिळत नाहीत. तेव्हा आमच्याकडे येणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी सफरचंदं आणू नका. सकाळी लवकर या आणि अर्धा तास आप्पांपाशी बसा. ‘कोठे जाई ऱ्हायना’ विचारलं, तर खरं सांगा.

पॉट पलंगाखाली आहे.