कुपर्टिनोकर

असेंबल्ड कॉम्प्युटरला आडनाव नसतं. मदरबोर्ड एका कंपनीचा, रॅम दुसरीची, पॉवर सप्लाय तिसरीचा आणि कॅबिनेट दुकानात त्या दिवशी जे पुढे असेल ते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण पाटी वाचून तिथे कोणी जात नाही) असे बिनआडनावाचे कॉम्प्युटर वर्षानुवर्षं जन्माला येताहेत. तिथून स्क्रू आवळून घरी आणलेल्या डब्यात विंडोज टाकली की ती फारशी चौकशी न करता कामाला लागते. लिनक्सला तर असली सरमिसळ मनापासून आवडते. ॲपलची मॅकओएस तेवढी उंबऱ्यावर थांबते आणि विचारते, "आपण कुठले?"

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसणारे एक आजोबा प्रत्येकाच्या नशिबी असतात. ते आधी आडनाव विचारतात, मग मूळ गाव, मग त्या गावातल्या देवळाशेजारच्या वाड्यातले अण्णा तुमचे कोण, ते विचारतात. उत्तर पटेपर्यंत पुढचं बोलणं नाही. मॅकओएस त्यांच्याच पठडीतली. चालू होताना ती विचारते, मॉडेल कोणतं? अनुक्रमांक काय? पंख्यांवर लक्ष ठेवणारी ती आपल्या घरची चिप कुठे आहे? यातल्या एकाही प्रश्नाला 'लॅमिंग्टन रोड' हे उत्तर चालत नाही. तिथे ॲपलच्या गावचं नाव लावून 'कुपर्टिनोकर' असंच सांगावं लागतं, आणि सांगताना चाचरायचं नाही.

असं सांगणाऱ्या कॉम्प्युटरला जगभर हॅकिंटॉश म्हणतात. माझ्या टेबलाखाली असा एक नांदतो आहे.

का, असं विचारणाऱ्यांना मी अक्षरांचं कारण देतो. मॅकओएसमध्ये 'आयटीएफ देवनागरी मराठी' नावाचा फाँट येतो. त्यात ल पाकळीचा आहे आणि श देठाचा, म्हणजे आपण शाळेत गिरवले तसे. २००९ साली राज्य सरकारने शासन निर्णय काढून हीच वळणं प्रमाण ठरवली, तरी कॉम्प्युटरवर बहुतेक ठिकाणी भेटतो तो हिंदी वळणाचा ल. कारण उदात्त आहे, ऐकणाऱ्याला गप्प करतं, आणि खरंही आहे. फक्त तेवढ्यासाठी कोणी मध्यरात्री टेबलाखाली टॉर्च घेऊन आडवं होत नाही. माणूस आडवा होतो तो 'जमतं का बघू' या तीन शब्दांसाठी.

तसं पाहिलं तर या प्रकाराची वाट कुपर्टिनोकरांनीच दाखवली. २००५च्या जूनमध्ये स्टीव्ह जॉब्सने जाहीर केलं की मॅक आता इंटेलच्या प्रोसेसरवर जाणार, आणि त्याच भाषणात सांगून टाकलं की मॅक ओएस टेन गेली पाच वर्षं गुपचूप इंटेलवरही तयार होत होती. म्हणजे दुहेरी आयुष्याचा पायंडा घरातूनच पडला. २००६च्या जानेवारीत इंटेलचे मॅक बाजारात आले. आता त्यांच्या पोटात तेच, जे आमच्या डब्याच्या पोटात. फरक उरला तो आडनावाचा, आणि आडनाव ही गोष्ट सांगण्यावर असते हे लोकांच्या लगेच ध्यानात आलं.

परवान्यात अर्थात स्पष्ट लिहिलेलं आहे की ही सिस्टीम ॲपलची मुद्रा असलेल्या कॉम्प्युटरवरच चालवावी. त्यावर जुना विनोद असा, की ॲपलच्या वस्तूंसोबत खोक्यात सफरचंदाचे स्टिकर यायचे. त्यातला एक कॅबिनेटवर चिकटवला की झाली मुद्रा. न्यायालयाला असले विनोद आवडत नाहीत. फ्लोरिडातल्या सायस्टार नावाच्या कंपनीने २००८ साली असे कॉम्प्युटर चक्क विकायला काढले. ॲपलने दावा लावला, २००९मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने गेला आणि २०११मध्ये अपिलातही तो टिकला. बाकी घराघरांतून टेबलाखाली आडव्या झालेल्या हौशी मंडळींच्या मागे कोणी धावलं नाही. परवाना ती मंडळीही मोडतातच. पण त्यांच्याकडून वसूल काय करणार?

मला या सगळ्यात सर्वांत गंमत वाटते ती कुलपाची. इंटेलच्या खऱ्या मॅकमध्ये एसएमसी नावाची चिप असते. काम साधंच, पंखे फिरवणं, तापमान बघणं. पण तिच्या पोटात दोन तुकड्यांमध्ये एक परवलीचा मजकूर ठेवलेला असतो. फाइंडर, डॉक असे काही मोक्याचे प्रोग्रॅम कुलूपबंद येतात आणि ते या मजकुराने उघडतात. परवलीचा मजकूर म्हटल्यावर अगम्य आकड्यांची रांग डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ती इंग्रजीतली विनवणी आहे, आमच्या कष्टांची राखण हे शब्द करताहेत, कृपा करून चोरू नका, अशा अर्थाची, शेवटी कंपनीच्या नावासह. कुलूप उघडणाऱ्या फाइलचं नावही 'डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स'. इतक्या सौजन्याने घातलेलं कुलूप मी दुसरं पाहिलेलं नाही. मग फेकएसएमसी नावाची एक फाइल आली आणि पुढे तिची जागा व्हर्च्युअलएसएमसीने घेतली. ही फाइल चिप असल्याचं सोंग घेते आणि सिस्टीमने विचारलं की तीच विनवणी, एक अक्षर न गाळता, म्हणून दाखवते. चोरू नका, असं खणखणीत आवाजात म्हटलं की दार उघडतं.

पण आडनाव सांगून भागत नाही. आजोबांचे पुढचे प्रश्न असतात, आणि खोटं बोलणाऱ्याची खरी परीक्षा तिथे सुरू होते.

कॉम्प्युटर वापरत माझी हयात गेली, पण माझ्याच डब्यातला आवाज कोणती चिप काढते हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं. गाणं वाजत होतं. मॅकओएसशी खोटं बोलायचं ठरवलं तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या मदरबोर्डाची खरी माहिती काढावी लागली. आवाजाचा कोडेक रिअलटेकचा, पण नेमका कितवा? नेटवर्कची चिप कोणाची? ओपनकोअर नावाचा जो बूटलोडर हल्ली हे सोंग उभं करतो, तो या बाबतीत फार कडक. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये अंदाजाला जागा नाही. 'साधारण असंच असेल' म्हणून काही लिहावं, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा धबधबा सुरू होतो, अर्ध्यात थबकतो आणि मधोमध एक गोल, त्यावर तिरकी रेघ. प्रवेश बंद. खरं बोलणाऱ्याला विसरलो म्हणायची सोय असते. आमच्यासारख्याला ती नाही.

अनुक्रमांकाचंही तसंच. माझा काळा डबा स्वतःला २०२० सालचा २७ इंची आयमॅक म्हणवतो. आयमॅकचा पडदा अंगातच असतो आणि माझ्या डब्याला पडदाच नाही, पण ते असो. या सोंगाला एक अनुक्रमांक लागतो. तो एका छोट्या प्रोग्रॅमकडून तयार करून घ्यायचा आणि मग ॲपलच्याच संकेतस्थळावर जाऊन तपासायचा. तिथे 'हा क्रमांक वैध नाही' असं उत्तर आलं, तर आनंद मानायचा. खऱ्या मालकाचा क्रमांक चुकून आपल्याकडे यायला नको, म्हणून ही खबरदारी. कुपर्टिनोकर म्हणवून घ्यायचं, आणि आधी कुपर्टिनोलाच विचारून खात्री करायची की असा कोणी तुमच्यात नाही ना.

यूएसबीचं प्रकरण मात्र मी कोणत्याही शत्रूवर येऊ देणार नाही. २०१५च्या एल कॅपिटन आवृत्तीपासून या सिस्टीमने एका यूएसबी कंट्रोलरवर १५ पोर्टांची मर्यादा घातली. घराण्यातल्या मॅकला मोजून चार भोकं, त्याला काय फरक पडतो? आमच्या मदरबोर्डाला मात्र मागे, पुढे, आत, सगळीकडे. शिवाय निळ्या रंगाचं जे वेगवान भोक असतं ते दोनदा मोजलं जातं, एकदा यूएसबी २ म्हणून आणि एकदा यूएसबी ३ म्हणून. त्यामुळे प्रत्येक भोकात आधी जुना, मग नवा पेनड्राइव्ह घालायचा, पडद्यावर कोणतं नाव उजळतं ते बघायचं, वहीत लिहायचं, आणि शेवटी कोणाला ठेवायचं, कोणाला रजा द्यायची ते ठरवायचं. मी टेबलाखाली, भाचा पडद्यासमोर.

"मामा, एचएस शून्य सात."

"आता?"

"आता काहीच नाही."

"आणि आता?"

"मामा, माऊस गेला."

आतून ब्लूटूथसुद्धा यूएसबीच्याच एका वाटेने जातं, हे त्या दुपारी कळलं. ब्लूटूथला रजा दिली होती.

ग्राफिक कार्डासाठी पुन्हा लॅमिंग्टन रोड गाठला. एनव्हिडियाच्या नव्या कार्डांना २०१८च्या मोहावेपासून या घरात पाणीसुद्धा मिळत नाही. एएमडीच्या आरएक्स ५८०चं मात्र कौतुकाने स्वागत होतं. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "साहेब, मायनिंगचं चालेल?" क्रिप्टोचं नाणं पाडायला ही कार्डं गठ्ठ्यांनी राबवली गेली आणि तो धंदा बसल्यावर गठ्ठ्यांनीच बाजारात आली. मी म्हटलं, चालेल. इतकं काम केलेलं कार्ड माझ्या घरी निवृत्तीचं सुख भोगेल असा माझा हिशेब होता. "गेमिंगसाठी ना?" त्याने विचारलं. मॅकओएससाठी, म्हटल्यावर त्याने पहिल्यांदा मान वर केली, माझे पिकलेले केस पाहिले आणि शंभर रुपये कमी केले.

सगळं जमलं तरी झोपेचं राहतंच. हॅकिंटॉश झोपला तर उठत नाही आणि उठला तर झोपत नाही. आमचा तर पहाटे आपणहून उठायचा, पंखे गरगरवायचा, आणि आतल्या खोलीतून हिचा आवाज यायचा, "अहो, ते तुमचं उठलंय बघा." ते तुमचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या डब्याला घरात 'आपलं' म्हटलं गेलेलं नाही.

एकदा मात्र सगळं लागलं. आवाज आला, नेट आलं, डबा झोपला आणि शहाण्यासारखा उठला. 'अबाउट धिस मॅक' उघडून पाहिलं, तिथे आयमॅकचं चित्र आणि खाली माझ्या खाणकामगार कार्डाचं नाव. फाँट निवडून 'लाल शाल' असं टाइप केलं. पाकळ्या होत्या, देठ होता. दोन-चार वेळा मोठं करून पाहिलं. मग काय करायचं ते सुचेना. छापखान्याला मजकूर श्रीलिपीत हवा होता आणि माझी श्रीलिपी विंडोजवर. डबा बंद करून पुन्हा विंडोजमध्ये चालू केला आणि लेख पुरा करायला बसलो. या छंदातल्या ज्या कोणाला मी भेटलो, त्यांचं थोड्याफार फरकाने असंच आहे. चालत नाही तोवर ते त्याला सोडत नाहीत, आणि चालू लागला की त्याला सोडून ते दुसऱ्याचा चालू करून द्यायला जातात.

आता हा कारभारही आटोपत आला. २०२०मध्ये ॲपलने स्वतःचे प्रोसेसर आणले आणि २०२५मध्ये सांगून टाकलं की टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची मॅकओएस. यापुढच्या सिस्टीम बोलतील ती भाषाच आमच्या डब्याच्या प्रोसेसरला येत नाही. तिथे आडनाव सांगून काय उपयोग?

भाच्याने परवा विषय काढला. "मामा, मॅक मिनी घेऊन टाका ना. एम फोरचा २०२४मध्ये आला तेव्हा ५९,९०० पासून होता. तुमचं ग्राफिक कार्ड, वायफाय कार्ड, दोनदा बदललेला मदरबोर्ड..." आतून हिने बेरीज पूर्ण करून सांगितली. ती माझ्या अंदाजापेक्षा बरीच जास्त होती, आणि बरोबरही होती.

म्हणून काल दुकानात गेलो. तोच दुकानदार. म्हटलं, मॅक मिनी बघायचाय. तो खूश झाला, नव्याचं खोकं पुढे सरकवलं, या वेळी खरं घ्या म्हणाला.

"हा नको," मी म्हटलं. "एम वनचा आहे का, जुना? त्याच्यावर लिनक्स चढवता येतं म्हणतात."