घरचा मुखत्यार

कोरेगावला समुद्र नाही. तिळगंगा आहे, तीही पावसाळ्यापुरती नदीसारखी वागते. त्यामुळे म्हाकूळ हा जलचर आमच्या आळीत कुणी डोळ्यांनी पाहिला असेल असं वाटत नाही. माझ्या जिन्याखाली मात्र महिन्याभरापासून एक म्हाकूळ मुक्कामाला आहे. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवलं आणि त्यात स्क्विड नावाचा प्रॉक्सी बसवला. स्क्विड म्हणजे म्हाकूळ. १९९६ पासून जगभर काम करतोय म्हणे, आणि असलं नाव का, तर बरी नावं आधीच संपली होती.

हेतू साधा होता: घरातला डेटा जातो कुठे, ते कळावं. पुण्याचा भाचा फोनवरून सांगत होता, "मामा, घरातल्यांनी जे मागायचं ते याच्याकडे मागायचं. बाहेर जाऊन हाच आणून देणार."

"म्हणजे कुलमुखत्यार," मी म्हटलं. कचेरीत जन्म गेला माझा.

मुखत्यार ३१२८ नंबरच्या दारात बसतो. त्याची नियमांची फाइल आमच्या कुठल्याही वाटणीपत्राहून लांब. नियम वरून खाली वाचायचे, पहिला लागू पडला की तोच निकाल. अगदी तळाशी 'डिनाय ऑल', सर्वांना मनाई. घरच्यांना परवानगी देणारी ओळ मी मोठ्या हौसेने त्याच्याही खाली लिहिली. पाच मिनिटांत माजघरातून आवाज आला, "अहो, कचेरी सुटली ना तुमची? मग घरात कशाला मांडलीत?"

ओळ वर नेली, घर सुरू झालं.

एकदा आणलेला माल हा कोठीत ठेवतो, दुसऱ्याने मागितला तर तिथूनच काढून देतो, हे ऐकून मी खूश होतो. आमच्याकडे वाघ्या घेवडासुद्धा असाच वर्षाचा भरून ठेवतात. पण हल्ली बहुतेक सगळा माल सीलबंद लखोट्यातून येतो आणि लखोटा फोडायची मुखत्याराला मुभा नाही. कोठी रिकामीच. कोण कुणाच्या दारी गेलं, एवढंच तो आवक-जावक वहीत लिहितो.

त्या वहीतली वेळ म्हणजे दहा आकडी संख्या. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, ते. आमच्या पिढीत निम्म्या गावाचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनचा. कॉम्प्युटरचं नावही अशाच एखाद्या गुरुजींनी घातलेलं दिसतंय.

भाच्याने आकड्यांची घड्याळी वेळ करायची युक्ती सांगितली, आणि मी चष्मा लावून तपासणीला बसलो. डेटा बराचसा मीच खात होतो, तो भाग सोडून देऊ. एक ओळ मात्र रोजची होती. रात्री एक-दीडच्या सुमाराला हिचा फोन एका जर्मन पत्त्यावर जात होता. लखोट्यात काय ते दिसेना. पत्ता मात्र तिथल्या एका शहराच्या बससेवेचा होता. त्या शहरात आमची मुलगी नोकरी करते. पाळी सुटून ती बसची वाट पाहत असते, तेव्हा इकडे दीड वाजलेला असतो. मी तेव्हा घोरत असतो.

वही बंद केली.

सकाळी चहाचा कप पुढे करत हिने विचारलं, "काय म्हणतो तुमचा मुखत्यार?"

म्हटलं, "बस वेळेवर आहे."