फायबरच्या डोंगरावरचा सूर्यास्त

बेळगावहून बेंगळुरूला निघालेल्या माणसाला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये दोन काळज्या असतात. खालचा बर्थ मिळेल का, आणि सकाळी उतरवून घ्यायला कुणी येईल का. मला तिसरीही असते. येणारा माणूस गळ्यात कॅमेरा अडकवून येईल का? आजवर तो कॅमेऱ्याशिवाय एकदाही आलेला नाही. यंदाच्या मे महिन्यात गाडी फलाटाला लागली तेव्हा मी एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात कुंद्याचा डबा घेऊन दारात उभा होतो. खाली माझा मेहुणा एक गुडघा टेकून बसलेला. मला वाटलं, वाकून नमस्कार करतोय. तो लो अँगल घेत होता.

"भावोजी, जरा मागे जा आणि पुन्हा उतरा."

माझ्या मागे अर्धा डबा उतरायचा होता. त्या मंडळींनी कन्नडमध्ये जे सुचवलं ते मला समजलं, मेहुण्याला नाही. पंधरा वर्षं त्या शहरात काढून त्याचं कन्नड 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी'पाशी थांबलंय. बेंगळुरूत तेवढ्यावर निभतंही म्हणा.

मेहुणा सॉफ्टवेअरमध्ये आहे, हे वेगळं सांगायला नको. तिथल्या सॉफ्टवेअरवाल्यांना चाळिशीच्या आसपास एक छंद होतो. कुणाला मॅरेथॉन होते, कुणाला घरी पाव भाजायचा होतो, याला कॅमेरा झाला. सुरुवात पक्ष्यांपासून झाली. तीन वर्षं हा शनिवारी पहाटे उठून रंगनतिट्टूला जायचा आणि दुपारी रिकाम्या फांदीचे अत्यंत स्वच्छ, धारदार फोटो घेऊन परत यायचा. पक्षी नुकताच उडालेला असे. मग एकदा मुलीच्या वाढदिवसाला थीम पार्कात गेला आणि त्याला साक्षात्कार झाला. पक्षी सांगून येत नाही. रोलर कोस्टर दर पाच मिनिटांनी, त्याच जागेवरून, त्याच वेगाने जातो. हुकला तर पुढचा आहेच. शिवाय पार्किंगची सोय, स्वच्छ संडास आणि मक्याचं कणीस. तेव्हापासून गडी जंगलाकडे फिरकलेला नाही.

आता याच बेंगळुरूत ई. हनुमंतराव होते, टी. एन. ए. पेरुमाळ होते. फिल्मच्या जमान्यात ही माणसं जंगलात तासन्‌तास दडून बसायची आणि रोलमधली एकेक फ्रेम हिशोबाने खर्च करायची. त्या परंपरेचा वारस म्हणून मेहुण्याने स्वतःची नेमणूक करून घेतली आहे. कस्तुरबा रोडवर २०२३ साली फोटोंचं आणि चित्रांचं मोठं संग्रहालय उघडलंय, ते आपण बघू या, असं मी आल्या दिवशीच म्हणालो. तो म्हणाला, "तिथे दुसऱ्यांचे फोटो आहेत, भावोजी."

तर रविवारी आम्ही निघालो. मेहुणा, वहिनी, नऊ वर्षांची भाची, माझी बायको, मी आणि दोन कॅमेरा-बॅगा. बॅगांना मागच्या सीटवर खिडकी मिळाली. भाची माझ्या मांडीवर.

म्हैसूर रस्त्याने जाताना बिडदीला थट्टे इडली खाल्ल्याशिवाय पुढे गेलं तर पाप लागतं. थट्टे म्हणजे ताटली. त्या आकाराची, कापसासारखी इडली, वर लोण्याचा गोळा. तो गोळा वितळायला लागतो तेवढ्यात पहिला घास मोडायचा, हा तिथला एकमेव नियम. आमच्या पाच ताटल्या मेहुण्याने खिडकीपाशी ओढून घेतल्या, कारण तिथे 'साइड लाइट' होता. मग त्याने लेन्स बदलली. मग चटणीची वाटी दोन इंच डावीकडे. मग शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना हातवारे करून त्यांची सावली हलवायला सांगितली. लोणी वितळून इडलीत मुरलं, तिथून ताटलीत आलं आणि ताटलीत थिजलं, त्याची सलग मालिका त्याच्याकडे आहे. आजोबांनी तेवढ्या वेळात दोन इडल्या संपवल्या, कॉफी घेतली आणि जाताना माझ्याकडे बघून मान हलवली. ती मान मला अजून आठवते.

याच बिडदीजवळ २००५ साली वंडरला सुरू झालं. त्याचे संस्थापक कोचौसेफ चिट्टिलापिल्ली मूळचे व्ही-गार्डचे. १९७७ पासून व्होल्टेज स्टॅबिलायझरचा धंदा केला आणि २००० साली कोचीला पहिलं पार्क काढलं. म्हणजे आधी लोकांच्या घरातले फ्रिज स्थिर केले आणि मग त्याच घरातली माणसं उलटीपालटी करायला घेतली. धंद्यातली याहून थोर दृष्टी मला माहीत नाही. मी हे मेहुण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "माझ्या लेन्समध्येही स्टॅबिलायझर आहे. पाच स्टॉपचा." त्याच्या डोक्यात आनंदाची व्याख्या हीच: काहीच हलता कामा नये.

आम्ही गेलो ते पार्क कुठलं, ते सांगत नाही. त्या पार्काचा काही दोष नाही. दोष आमच्या सोयरिकीचा आहे.

आत शिरल्यावर सामान्य माणूस कुठल्या पाळण्यात बसायचं ते बघतो. मेहुण्याने ऊन बघितलं. मग पार्काच्या नकाशावर पेनाने चार फुल्या मारल्या. त्या पाळण्यांच्या नव्हत्या, आपण कुठे उभं राहायचं त्याच्या होत्या. पहिल्या फुलीवर वहिनींना बाकावर बसवलं, सगळ्या पिशव्या त्यांच्या हवाली केल्या आणि कामाला लागला. रोलर कोस्टर वरून सुटला की एका हजारांश सेकंदात तो गोठवायचा. मग तोच पुन्हा एक तीसांश सेकंदावर, कॅमेरा त्याच्या मागोमाग फिरवत, म्हणजे डबा स्वच्छ आणि मागची झाडं फराटे मारल्यासारखी. याला पॅनिंग म्हणतात. पॅनिंग करताना माणूस कमरेतून डावीकडून उजवीकडे गर्रकन वळतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, याच्यात काहीतरी संचारलंय. दोन पोरं खरोखरच रांग सोडून त्याला बघायला आली.

"बाबा, आता बसू या?"

"थांब, तो ढग जाऊ दे."

ढग गेला तेव्हा रांग पाऊण तासाची झाली होती. रांगेत आतोबा उभे राहिले.

मला यातलं खरं दुःख फोटो काढण्याचं नाही. फोटो आमच्याही वेळी काढायचे. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं आणि दोन-तीन वर्षांत आमच्या कॉलेजची सहल तिथे गेली. बेळगाव ते मुंबई एसटीने, मग खाडीतून लाँच. वर्गात एकाकडे हॉट शॉट कॅमेरा होता आणि त्यात छत्तीसचा रोल, चार दिवसांना मिळून. एस्सेलवर्ल्डच्या वाट्याला दोन फोटो आले. एकात माझं अर्धं डोकं आणि कुणाचा तरी अंगठा आहे. दुसरा काळाच आला. पण डबा वरून सुटला तेव्हा शेजारी बसलेल्या आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी माझं मनगट धरून मारलेली 'विठ्ठला' अशी हाक मला आजही जशीच्या तशी ऐकू येते. वर्षभर मागणी आणि पुरवठा शिकवणारा माणूस त्या अर्ध्या मिनिटात थेट पंढरपूरला जाऊन आला. त्याचा फोटो नाही, म्हणूनच मी तो दर सहलीला थोडा वाढवून सांगू शकतो.

संध्याकाळी चारनंतर मेहुण्याचा खरा कार्यक्रम सुरू झाला. पार्कात एक डोंगर होता. फायबरचा. त्याच्यातून धबधबा पडतो, तोही पंपाने. या डोंगरामागे सूर्य उतरताना कडेला सोनेरी रेघ उमटते, ती त्याला हवी होती. "गोल्डन अवर" असं तो देवघरात बोलावं तशा आवाजात म्हणाला. इथे मला राहवलं नाही. कारण त्याच म्हैसूर रस्त्यावर थोडं पुढे गेलं की रामनगर लागतं. तिथला ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा. गावाचं जुनं नाव क्लोजपेट, त्यावरून भूगर्भशास्त्रात त्या खडकाला क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात. 'शोले'चं रामगढ तिथेच उभारलं होतं. तिथल्या रामदेवर बेट्टावर गिधाडांचं अभयारण्य आहे, पक्षीही झाले. हा सगळा ऐवज फुकटात मावळतीच्या उन्हात न्हात असताना आपण तिकीट काढून फायबरच्या डोंगराची वाट का बघतोय?

"रामनगरचे फोटो सगळेच काढतात," तो म्हणाला.

यावर उत्तर नाही. मात्र एक गंमत त्याला मी सांगितली नाही. ही पार्कं मुळात दुरून, हसत, चालता चालता बघायला बांधलेली असतात. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड झालं तेव्हा रस्त्याकडेच्या इमारतींचे वरचे मजले मुद्दाम लहान मापाने बांधले, म्हणजे खालून बघणाऱ्याला त्या उंच वाटाव्यात. नुसत्या डोळ्यांना फसवायची ती सभ्य युक्ती आहे. त्यावर चारशे मिलिमीटरची लेन्स रोखली की काय दिसणार? मेहुण्याच्या त्या संध्याकाळच्या सर्वोत्तम फोटोत सोनेरी रेघ आहे, धबधबा रेशमासारखा आहे आणि कड्याच्या बरोब्बर मध्यभागी चार नटबोल्ट आणि एक निळा प्लास्टिकचा पाइप. फोटो इतका धारदार की बोल्टचे आटे मोजता येतात.

तिकडच्या पार्कांत फोटो कुठून काढायचा याच्या पाट्याच लावलेल्या असायच्या, कोडॅकच्या पुरस्काराने. इथे उभे राहा, फोटो काढा, पुढे चालू लागा. किती माणुसकीची व्यवस्था! पुढे २०१२च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि माणूस फोटो काढून पुढे चालू लागायचा विसरला. २०१५ साली डिस्नेने पार्कांत सेल्फी स्टिकवर बंदी आणली, कारण लोक चालत्या पाळण्यात त्या काठ्या बाहेर काढू लागले होते. आपल्याकडे २०१६ साली मुंबई पोलिसांना शहरात सेल्फीबंदीच्या जागा ठरवाव्या लागल्या. मेहुणा या सेल्फीवाल्यांचा मनापासून तिरस्कार करतो. "त्यांना स्वतःशिवाय काही दिसत नाही," असं तो म्हणतो. हा मात्र अकरा वर्षांत स्वतःच्या एकाही फोटोत नाही. पुढे कधी मुलीने अल्बम उघडला तर तिला वाटेल, आपल्याला आईने, आत्याने आणि एका ट्रायपॉडने वाढवलं.

साडेपाचच्या सुमारास तो प्रसंग घडला. भाचीला शेवटचा एक मोठा रोलर कोस्टर हवा होता. बरोबर मोठं माणूस हवं. आतोबा तोवर तीनदा उलटे होऊन झाडाखाली बसले होते आणि झाडही त्यांच्याभोवती फिरत होतं. माझी बायको म्हणाली, मला गुडघा आहे. सगळ्यांनी मेहुण्याकडे बघितलं. तो सूर्याकडे बघत होता.

वहिनी बाकावरून उठल्या. सकाळपासून पहिल्यांदाच.

"सात तास पिशव्या सांभाळल्या मी. आता तो कॅमेरा इकडे द्या."

"अगं, लाइट—"

"द्या."

गळ्यातला पट्टा काढताना त्याची मान कशी दिसली म्हणून सांगू? हळद उतरल्यावर नवरदेवाची दिसते तशी, गोरी आणि केविलवाणी. वहिनींनी कॅमेरा मांडीवर घेतला, वर रुमाल टाकला, आणि बाकी काही केलं नाही. बटणाला बोटसुद्धा लावलं नाही. बाप-लेक रांगेतून वर गेले. दांडा छातीवर आला, डबा कड-कड करत चढला, वर क्षणभर थांबला आणि सुटला. खालून आम्हाला फक्त एक किंकाळी ऐकू आली. ती भाचीची नव्हती.

अशा पाळण्यांच्या उतारावर यंत्राचा एक कॅमेरा बसवलेला असतो. त्याला लाइट कळत नाही, बोके कळत नाही, सोनेरी रेघ कळत नाही. डबा आला की तो खट्‌ करतो. उतरल्यावर काउंटरवर पैसे मोजले की फोटो छापून मिळतो. वहिनींनी मोजले, घासाघीस न करता.

मेहुण्याच्या कार्डात त्या दिवशीचे दोन हजार सातशे फोटो आहेत. ते 'प्रोसेस' व्हायचे आहेत. मागच्या दिवाळीचे आधी होतील, मग हे. काउंटरवरचा तो एक फोटो मात्र त्याच रात्री त्यांच्या जेपी नगरच्या घरी फ्रिजवर लागला, स्टॅबिलायझरच्या बरोबर शेजारी. मी निघायच्या दिवशी कॉफी पिता पिता नीट बघितला. फोटो हललेला आहे, रंग पिवळट, वर कोपऱ्यात पार्काचा छाप. भाचीचे दोन्ही हात आभाळात, तोंड उघडं, वेण्या सरळ उभ्या. शेजारी मेहुणा. डोळे गच्च मिटलेले आणि दोन्ही हात छातीपाशी, गळ्यात नसलेला कॅमेरा धरून. उजव्या हाताची तर्जनी वाकलेली आहे.